जुन्या नदीची पोरं

सोनूबाईच्या तोंडात 'मेली' हा शब्द दिवसातून कितीदा यायचा, त्याला गणती नव्हती. कोंबडी ओटीवर चढली की मेली. चूल धुमसली की मेली. प्राची लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच सकाळी सासू तिला म्हणाली, "अगो मेले, एवढासा चहा कुणाला पुरायचा? तुला तरी घे." प्राची माणगावच्या पेठेतली, तिच्या माहेरी असलं बोलणं कुणी करत नसे. ती मोरीत जाऊन रडली. मग शेजारच्या गोदूबाईनं तिला जवळ बसवून सांगितलं, "बाय, सोनी ज्याला मेली म्हणते ना, ते तिच्या काळजातलं समज. तिचा राग असला की ती अहो-जाहो करते. तुला 'तुम्ही' म्हणाली की मग रड."

हा शब्द सगळ्यांत जास्त वाट्याला यायचा तो घरामागच्या पाण्याच्या. वाकणवाडीच्या पाठीला अर्ध्या बांगडीसारखं वळलेलं ते लांबट तळं होतं. गावात त्याला जुनी नदी म्हणत. नवी नदी म्हणजे खरी सावित्री पलीकडून सरळ खाडीकडे निघून जाते. सोनूबाईच्या सासूच्या सासूनं म्हणे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की एका महापुरात नदीनं हे वळण टाकून दिलं आणि सरळ वाट धरली. मागं उरलं ते हे पाणी. कडेनं लव्हाळा, मध्ये कमळाची पानं, आणि सकाळच्या वेळी त्याच्यावर धुक्याचा एक थर असायचा. भांडी घासायला बसलं की सोनूबाई त्या पाण्याशी बोलायची. "मेली, आज किती गढूळ झालीस. रात्री काय म्हशी घुसल्या व्हत्या?"

जुनी नदी आणि खरी नदी यांच्यामधला चिंचोळा ओघळ म्हणजे नाळ. उन्हाळ्यात ती कोरडी पडे आणि बकऱ्या तिच्यातून चरत जात. आषाढात नदी फुगली, त्यात पुनवेची किंवा अवसेची भरती खालून रेटायला लागली, की पाणी नाळेतून उलटं आत शिरे आणि जुनी नदी भरे. त्या पाण्याबरोबर पोरं यायची. पोरं म्हणजे माशांची. बोय, शिंगटी, कोळंबी आणि जिताडा, सगळ्यांची एका रंगाची, केसाएवढी बारीक, नुसते दोन काळे डोळे पाण्यातून चालल्यासारखी. आषाढातल्या नदीचा लोंढा मोठमोठी झाडं उपटून नेतो, तिथं या जिवांचा काय टिकाव लागणार. जुन्या नदीत मात्र पाणी थोपलेलं, कोमट. गवतात लपायला जागा, खायला किडे. आषाढ-श्रावण तिथं काढून पोरं बोटाएवढी झाली, की पाणी ओसरताना त्याच नाळेनं नदीत उतरत आणि आपापल्या वाटेला लागत. काही जिताडे आळशी असत. ते उतरायचं विसरत आणि दोन-तीन वर्षं जुन्या नदीतच मुरून हातभर होत. असा जिताडा ज्याच्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, पडे त्याच्या घरी त्या दिवशी वाडीतली निम्मी माणसं या ना त्या निमित्तानं डोकावून जात.

गौरी-गणपती बोळवले की दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका नाळेत उतरत आणि साचलेलं गवत, शेवाळ उपसून टाकत. याला 'वाट करणं' म्हणत. पहिली ओंजळ त्या वर्षी बाळंत झालेल्या बाईनं काढायची. तोवर नाळेत कुणी जाळं लावायचं नाही, आणि लावलं तर त्याच्या दारात जाऊन बायका जे बोलत ते ऐकण्यापेक्षा माणूस आठ दिवस उपाशी राहील.

भावेश अंगावर पीत होता त्या वर्षी ती ओंजळ सोनूबाईची होती. काठावर पोतं अंथरून त्याला निजवलं होतं आणि सदू, तिचा नवरा, त्याच्यावर छत्री धरून बसला होता. बाकीचे पुरुष त्याला हसत होते. सोनूबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि शेवाळाचा पहिला लगदा उचलला, तेव्हा सासू वरून म्हणाली, "तुझा एक हितं निजलाय. बाकीची घरी चालली. सगळ्यांना वाट दे." पायांच्या मधून, पोटऱ्यांना गुदगुल्या करत, शेकडो पोरं सरसरत निघून गेली होती. सोनूबाई हसून हसून पाण्यात बसली होती. आता सदू नाही, सासू तर केव्हाच गेली, पण तो स्पर्श सोनूबाईच्या पोटऱ्यांनी जपून ठेवला होता.

आणि नाळ बुजवायची गोष्ट काढली ती त्याच भावेशनं.

त्याची कारखान्यातली नोकरी सुटली होती. प्राचीची बहीण दिवेआगरला दिलेली. वादळात तिच्या वाडीतले माड-पोफळी सपाट झाले, तरी त्यांनी दोन खोल्यांचा होमस्टे पुन्हा उभा केला होता आणि शनिवार-रविवार तिथं उभं राहायला जागा नसायची. भावेश चार दिवस तिथं राहून आला आणि त्याला आपल्या घरामागचं पाणी नव्यानं दिसलं. सरकारची सुशोभीकरणाची कसलीशी योजना होती. काठाला दगडी बांध, बसायला बाकडी, पायानं मारायच्या होड्या. पण होड्या चालायच्या तर पाणी बारा महिने एका पातळीला हवं. त्यासाठी नाळेच्या तोंडावर भिंत हवी.

"आये, इचार कर ना जरा," तो जेवताना म्हणाला. "मासे येतात नि निघून जातात. आपण येडे, त्यांना वाट करून देतो. भिंत घातली तर सगळे आपल्याकडंच राहतील. वाढतील."

"आणि येतील कुठून मेल्या? आभाळातून?"

"बीज विकत मिळतं. बोटुकली म्हणतात त्यांना. टेंपो घरपोच आणून सोडतो."

"विकतची पोरं," सोनूबाई म्हणाली. "मला आधी ठावं असतं तर तुलाबी टेंपोनंच मागवला असता. बाळंतपणाचा तरास वाचला असता."

प्राचीला हसू आवरेना. भावेशही हसला, पण त्यानं विषय सोडला नाही. "पुराच्या वर्षी घरात पाणी आलं ते इसरलीस? फळीवरचे डबे तरंगत व्हते. भिंत असती तर न्हाय आलं असतं."

"ते नाळेतून न्हाय आलं, रस्त्यावरून आलं. तू तेव्हा कौलांवर बसून फोन करत व्हतास. मी खाली व्हते."

वाडीत मात्र भावेशच्या बाजूनं माणसं वाढत गेली. कुणाला होड्या सांभाळायला मिळणार होत्या, कुणाला चहाची टपरी. नदीवर मासे धरायला जाणारे दोघं-तिघं सोनूबाईच्या बाजूचे, पण तेही तोंडावर बोलत नव्हते, कारण त्यांची पोरंच भावेशबरोबर फिरत होती. अडचण एकच होती. कायद्यानं वाहत्या पाण्याची वाट अडवता येत नाही. नाळ बंद पडलेली आहे, तिच्यातून नदीचं पाणी आता येत नाही, असं ठरलं तरच भिंत घालता येणार होती. ते ठरवायला तालुक्याहून एक साहेब यायचे होते.

आमच्या रायगडात कुणाचं काम अडलं की आधी जिताडा जातो आणि मागून माणूस जातो. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण अजून चालते. भावेशनं साहेब यायच्या आदल्या दिवशी जुन्या नदीत पाग टाकला आणि दोन जिताडे काढले. चांदीच्या ताटासारखे मासे, डोळे कंदिलासारखे पिवळे. त्यानं ते आईपुढं ठेवले तेव्हा वाटलं होतं की ती चिडेल. पण सोनूबाई विळीवर बसली. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. साहेब चव घेईल, तेव्हा त्याला आपोआप कळेल. असला मासा ज्या पाण्यात होतो त्या पाण्याची वाट कोण बुजवील? आपण काही बोलायची गरजच पडायची नाही, जिताडाच बोलेल. तिनं वाटणात जास्तीचं आलं घातलं, आमसुलं घातली, आणि चूल मंद ठेवली.

साहेब लातूरकडचे होते. स्वभावानं गोड माणूस. ऐन मे महिन्यात आले होते, नाळेत धूळ उडत होती. त्यांनी उभ्या उभ्या ती पाहिली आणि जेवायला आले. पहिला घास घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. सोनूबाईनं ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आजी," दुसरी भाकरी मोडता मोडता साहेब म्हणाले, "तुम्ही जुनं माणूस. खरं काय ते सांगा. त्या नाळेला अजून जीव आहे का?"

सोनूबाईच्या तळहातावर भाकरी फिरत होती. प्रश्न ऐकून तिला हसूच आलं. गेल्या आषाढात नाळेचं पाणी पार गोठ्यात आलं होतं आणि गाईच्या पायांत कोळंबी उड्या मारत होती. कुठून सुरुवात करावी?

"ती मेली?" ती म्हणाली. "मेली ती, साहेब, तिचं काय इचारता—"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. ती झटकन वळली.

तिच्या पाठीमागं भावेशचा आवाज आला. "घ्या साहेब. घरातलं जुनं माणूसच म्हणतंय, मेली."

सोनूबाई भाकरी उलटत होती ती तशीच थांबली. "तसं न्हवं रे—"

"आये, साहेबांना डोकं वाढ."

जिताड्याचं डोकं हा मानाचा तुकडा. तो घरच्या बाईनंच वाढायचा असतो. तिनं डाव हातात घेतला. साहेब हसत होते, भावेश हसत होता, प्राची मात्र पाण्याचा तांब्या धरून खाली बघत होती. परक्या माणसाच्या पानासमोर पोटच्या मुलाला खोटं पाडायचं कसं? जेवून उठले की सांगू, असं सोनूबाईनं ठरवलं. पण साहेब हात धुवून तसेच गाडीत बसले. दुसरा जिताडा बर्फाच्या डब्यात घालून भावेशनं आधीच मागच्या सीटवर ठेवला होता.

संध्याकाळी तिनं त्याला ओटीवर गाठलं. "मी काय म्हणाले ते तू ऐकलंस?"

"मेली म्हणालीस."

"मी तुलाबी मेल्या म्हणते. जल्मल्यापासून म्हणते. तुझं तेरावं घातलं काय मी?"

भावेश फोनमध्ये बघत राहिला. मान वर न करता म्हणाला, "आता झालं ते झालं, आये. सगळ्यांच्या भल्याचंच हाय."

"व्हय," सोनूबाई म्हणाली. "तुम्हाला कळतं ते बरोबरच असंल."

आत भांडी लावत असलेल्या प्राचीच्या हातातून वाटी पडली.

गोदूबाईनं सोनूबाईला स्वस्थ बसू दिलं नाही. "माझ्या नवऱ्यानं आख्खा जल्म त्या नदीवर काढला. चल, उठ. त्या साहेबाला जाऊन सांगू, आमच्या सोनीच्या जिभेला हाड न्हाय म्हणून." दोघी एसटीनं माणगावला गेल्या. पूर्वी पाट्या घेऊन दोघी याच गाडीनं बाजाराला जात. त्या काळात कंडक्टर त्यांना मागच्या सीटवर बसवी आणि मासळीच्या वासानं नाक धरी, आणि उतरताना त्यातलीच बोयटं मागून घेई. आता हात रिकामे होते आणि कंडक्टरनं त्यांना पुढं बसवलं. गोदूबाई म्हणाली, "बघ, वास गेला तसा मान आला," पण दोघींनाही त्यावर हसू आलं नाही.

साहेबांनी ओळख दाखवली. चहा मागवला. सोनूबाईनं सगळं सांगितलं. पाणी कसं येतं, पोरं कशी येतात, कशी उतरतात, नाळ बुजली तर नदीतसुद्धा मासा उरणार नाही, कारण नदीची पोरं लहानाची मोठी होतात तीच मुळी जुन्या नदीत. आणि तो शब्द आपण लाडानं म्हणतो, हेही सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आजी, मला तो शब्द तेव्हाच कळला होता," ते म्हणाले. "आमची आजीपण अशीच बोलायची."

साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"पण चारचौघांत तुमच्या मुलानं त्याचा अर्थ सांगितला आणि तुम्ही गप्प राहिलात. आता तुम्ही म्हणता तसं मी धरलं, तर मुलानं सरकारी माणसाला खोटं सांगितलं असं होतं. मग मला ते तसंच पुढं कळवावं लागेल." त्यांनी बशी तिच्याकडं सरकवली. "तुम्ही म्हणाल तसं करू. ठरवायचा का खोटा?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. सोनूबाईनं पदर सारखा केला. गोदूबाई तिला कोपरानं ढोसत होती.

"नको," सोनूबाई म्हणाली.

परतीच्या गाडीत गोदूबाई तिच्याशी बोलली नाही. वाडीच्या थांब्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाली, "तुझा एक वाचवलास. बाकीच्यांचं बघू आता." आणि पुढं निघून गेली.

भिंत पावसाआधी पुरी झाली. सिमेंटची, वर पिवळा रंग, त्यावर निळ्या अक्षरांत 'वाकणवाडी लेक व्ह्यू'. नाळेच्या तोंडात ती अशी बसली की जणू तिच्यासाठीच ते तोंड उघडं राहिलं होतं.

आषाढात नदी फुगली. सोनूबाई इरलं घेऊन भिंतीपाशी गेली. नदीच्या अंगाला पाणी भिंतीवर डोकं आपटत होतं, आणि त्या पाण्याचा कडेचा हातभर पट्टा काळा दिसत होता. तिनं वाकून पाहिलं. सगळे डोळे होते. केसाएवढी पोरं, लोंढ्याला चुकवून भिंतीच्या आडोशाला आलेली, थरावर थर, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. बगळे रांगेनं बसले होते आणि त्यांना मान वाकवायचेही कष्ट नव्हते. वाडीतली काही माणसं मच्छरदाणीचं कापड घेऊन आली होती. सुकवून कोंबड्यांना घालायला बरं, असं एक जण म्हणाला. मच्छरदाणीनं पोरं उपसलेली सोनूबाईनं जन्मात पाहिली नव्हती.

गोदूबाई आली. तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं नव्हतं. तिनं एक घमेलं आणलं होतं. तिनं ते पाण्यात बुडवलं, वर उचलून सोनूबाईच्या हाती दिलं. सोनूबाईनं ते भिंतीवरून आत, जुन्या नदीत ओतलं. मग दुसरं. दोन म्हाताऱ्या, एक घमेलं आणि सबंध सावित्री. थोड्या वेळानं प्राची बादली घेऊन आली आणि खाली उतरली. अंधारून आलं, नदी भिंतीच्या खांद्याला लागली आणि बांधावर उभं राहायला जागा उरली नाही तेव्हा त्या परतल्या. सकाळी पाणी उतरलं होतं. भिंतीच्या पायाशी चिखलावर एक चंदेरी साय धरली होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या.

जी थोडी आत ओतली होती त्यांचं पुढं काय झालं ते कळलं नाही. गणपतीआधी टेंपो आला. त्यानं सोडलेली बोटुकली चांगली तळहाताएवढी, दातांची, भुकेलेली होती.

गौरी बोळवल्या. दुसऱ्या दिवशी बायका सवयीनं घराबाहेर आल्या, नाळेकडे दोन पावलं गेल्या आणि एकमेकींकडे बघून परत फिरल्या. त्या वर्षी बाळंत झालेली वाडीतली सून ओंजळीविनाच राहिली. पुढच्या वर्षी भावेशनं ही रीत पाहुण्यांसाठी पुन्हा सुरू केली. मुंबईहून आलेल्या एखाद्या लेकुरवाळ्या बाईच्या हातात प्लॅस्टिकचा मग द्यायचा, तिनं मगातली बोटुकली तळ्यात सोडायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. "आमच्याकडची फार जुनी परंपरा," भावेश सांगायचा. सोनूबाईला त्यानं एकदा नऊवारी नेसून शेजारी उभी राहा म्हणून विचारलं. "तुमच्या कामात माझं काय," ती म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

होड्या चालल्या. खोल्या भरल्या. ते खोटं कशाला सांगायचं, घरात सुबत्ता आली. प्राचीनं स्वयंपाकघरात फरशी बसवली. पण नदीवरून येणाऱ्या पाट्या हलक्या होत गेल्या. आधी कोळंबी गेली, मग बोयटं. शिंगटी सापडे ती म्हातारी, तिच्यामागून येणारी लहान दिसेना. माणसं म्हणत, वरून कारखान्यांचं पाणी येतं. म्हणत, पाऊस बदलला. म्हणत, खाडीत मोठ्या बोटी झाल्या. त्यातलं थोडं थोडं खरंही असेल. सोनूबाई ऐकून घ्यायची. घर म्हाताऱ्यांनी भरलेलं असावं आणि पाळणा हलू नये, तशी नदी वाहत होती. वाडीतल्या टवाळांना एक चेष्टा सापडली होती. कुणाची रिकामी पाटी दिसली की ते म्हणत, "सोनूबाय एक शब्द बोलली नि नदी मेली." ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. कान अजून चांगले होते.

दोन पावसाळे गेले आणि भावेश एके दिवशी घाईघाईनं घरात आला. साहेबांची बदली झाली होती. जायच्या आधी ते बायको आणि सासूसासऱ्यांना घेऊन हरिहरेश्वराला निघाले होते, आणि वाटेत जेवायला इथं थांबणार होते. "खास तुझ्या हातचा जिताडा म्हणालेत, आये. अजून चव आठवते म्हणाले."

"मग टाका की पाग," सोनूबाई म्हणाली.

भावेश दिवसभर पाग टाकत राहिला. जुन्या नदीत त्याला टेंपोचेच मासे लागले. मग तो नदीवर गेला, खाली खाडीच्या तोंडापर्यंत ओळखीच्यांना फोन लावले. संध्याकाळी मोटारसायकलवरून माणगावला गेला आणि बर्फातला एक जिताडा घेऊन आला. कुठल्या तरी दूरच्या तळ्यात खाद्य घालून वाढवलेला. डोळे पांढरे पडलेले, अंग मऊ. सोनूबाईनं त्याचे कल्ले उघडून पाहिले आणि बंद केले.

"आये," भावेश म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "त्यांनी इचारलं तर आपल्या जुन्या नदीतलाच म्हण."

तिनं विळी पुढं ओढली. वाटणात जास्तीचं आलं घातलं. या माशाला त्याची गरज होती.

साहेब आले, तसेच गोड. भिंत, बाकडी, होड्या पाहून खूश झाले. सासऱ्यांना म्हणाले, "इथं काही नव्हतं हो. नुसतं चिखलाचं डबकं." पानं मांडली. प्राची वाढत होती, सोनूबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. गॅस आला होता तरी भाकरी ती चुलीवरच करायची. साहेबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि थोडे आधीच उघडले. ते पुन्हा पानातल्या तुकड्याकडे बघायला लागले.

"आजी, हा तुमच्या जुन्या नदीतलाच ना?"

भावेशनं मान वर केली. तो आईकडे बघत होता, लहानपणी काहीतरी फोडल्यावर बघायचा तसा. सोनूबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. या खेपेला ती करपू दिली नाही. पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि मग वळून साहेबांकडे पाहिलं.

"ती मेली, साहेब," ती म्हणाली.

साहेब खळखळून हसले. बायकोकडे वळून म्हणाले, "घाबरू नकोस. यांची बोलायची पद्धत आहे ही. जिवातलं असलं की मेली म्हणतात. आमची आजीपण म्हणायची." बायको हसली, तिचे आईवडील हसले. सासरे म्हणाले, "वा, काय गोडवा आहे इकडच्या भाषेत."

भावेश हसला नाही. त्याची बोटं भातात तशीच राहिली होती.

"भावेशराव," सोनूबाई म्हणाली, "साहेबांना डोकं वाढा."

तो उठला. डाव घेतला आणि जिताड्याचं डोकं साहेबांच्या पानात ठेवलं. पांढरे डोळे वर आले ते त्यानं भातानं झाकले.

जेवणं झाली, गाडी गेली. प्राचीनं पानं उचलली. सोनूबाई ओटीवर येऊन बसली. समोर होडीत दोघं पाहुणे पाय मारत गोल गोल फिरत होते. कोंबडी पायरीवर चढली, मग ओटीवर, थेट तिच्या पायापाशी आली आणि सांडलेलं शीत टिपायला लागली. सोनूबाईनं हात उगारला. तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसत्या हातानंच तिला हाकललं.